दीक्षितांच्या दोन घटका

गेल्या उन्हाळ्यांत आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला होता. पंधरा वर्षांपूर्वीं तो आमच्यापाशीं इतिहास शिकला. आतां एका मोठ्या कचेरींत चांगल्या पगारावर आहे, स्वतःचें घर आहे, मुलें शाळेंत जातात. चहा झाल्यावर तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "सर, तसें सगळें ठीक आहे, पण दिवसभर मी जें करतों तें माझें आहे असें कधीं वाटत नाहीं." आम्हीं त्यास अशा वेळीं देण्याचीं ठराविक उत्तरें दिलीं : एखादा छंद धरावा, कांहीं वाचावें, अगदींच जमेना तर नोकरी बदलावी. तो नम्रपणें ऐकून घेऊन गेला. परंतु उत्तरें देतांना तीं पोकळ आहेत हें आमचें आम्हांस कळत होतें, कारण हा प्रश्न केवळ त्याचा नव्हता. आम्हीं तीस वर्षें वर्गांत शिकविलें, उत्तरपत्रिकांचे ढीग तपासले, आणि त्यांतलीं बहुतेक वर्षें 'या व्यापांतून मोकळीक मिळती तर आम्हीं कांहीं खरें काम केलें असतें' ही तक्रार स्वतःशीं घोळवीत घालविलीं. आमच्या कपाटांत एका जुन्या घराण्याच्या मोडी कागदांचें एक दफ्तर बारा वर्षें पडून आहे. त्याची गांठ आम्हीं सोडली नव्हती. वेळ नव्हता, असें आम्ही म्हणत असूं.

त्याच आठवड्यांत कांहीं निमित्तानें शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ पुन्हा हातीं घेतला. तरुणपणीं आम्हीं तो चाळला होता, तेव्हां त्यांतील माहिती पाहिली होती. या खेपेस माहितीपेक्षां ती गोळा करणारा मनुष्य अधिक दिसूं लागला. हा ग्रंथ १८९६ सालीं निघाला. वैदिक काळापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत या देशांत आकाशाकडे पाहून ज्यांनीं ज्यांनीं गणित केलें त्यांचा, त्यांच्या ग्रंथांचा आणि त्यांच्या चुकांचाही असा सांगोपांग इतिहास तोंपर्यंत एतद्देशीय कोणत्याही भाषेंत झालेला नव्हता. आणि तो लिहिणारा गृहस्थ विद्यापीठाचा पंडित नव्हता, वेधशाळेचा अधिकारी नव्हता, संस्थानिकाचा आश्रितही नव्हता. तो शाळामास्तर होता.

दीक्षितांचा जन्म १८५३ च्या जुलै महिन्यांत रत्नागिरी जिल्ह्यांतील दापोलीजवळच्या मुरूड गांवीं झाला. (पुढें महर्षि म्हणून ओळखले गेलेले धोंडो केशव कर्वे याच मुरुडांत वाढले, समुद्रकांठच्या त्या लहानशा गांवानें महाराष्ट्रावर केलेले उपकार एकदां कोणीतरी मोजावयास हवेत.) पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजांत ते शिक्षकाचा अभ्यासक्रम शिकले, १८७४ सालीं मॅट्रिक झाले, आणि तेथें त्यांचें परीक्षा देणें संपलें. कॉलेजची पदवी त्यांनीं घेतली नाहीं. त्यानंतर शिक्षणखात्याच्या हुकुमाप्रमाणें बिऱ्हाड हलवीत ते फिरले : रेवदंडा, ठाणें, बार्शी, धुळें, आणि शेवटचीं वर्षें पुण्याचें ट्रेनिंग कॉलेज. नकाशावर हीं गांवें पाहिलीं म्हणजे मनांत येतें कीं, यांपैकीं पुणें सोडल्यास कोठें मोठा ग्रंथसंग्रह होता? संस्कृत पोथ्या कोणाकडे तरी मागावयाच्या, उतरून घ्यावयाच्या, परत पाठवावयाच्या; इंग्रजी नियतकालिकें मिळतील तशीं वाचावयाचीं; आणि हें सर्व शाळा सुटल्यावर.

या मास्तरांनीं शाळा सुटल्यावर काय केलें, याचा एकच नमुना जरा सविस्तर सांगावा असें वाटतें. गुप्त राजांचे लेख सांपडत होते, त्यांवर वर्षांचे आंकडे होते. परंतु ते आंकडे कोणत्या वर्षापासून मोजलेले, म्हणजे गुप्तशक केव्हां सुरू झाला, याचा एकोणिसाव्या शतकांत मोठा वाद होता. विद्वानांपैकीं कोणी तो इसवी सन ७७-७८ पासून धरी, कोणी १६६-६७ पासून, कोणी १९०-९१ पासून, कोणी ३१९ च्या सुमारास. म्हणजे समुद्रगुप्त आणि स्कंदगुप्त हे दोनअडीचशें वर्षांच्या पट्ट्यांत कोठेंही ठेवावेत अशी स्थिति होती. आणि त्यांच्याबरोबर प्राचीन भारताचा अर्धा इतिहासही तसाच तरंगत होता. अल्बेरूनीनें शककालानंतर २४१ वर्षांनीं गुप्तकाल सुरू होतो असें स्पष्ट लिहून ठेविलें होतें खरें, परंतु तो गुप्तांच्या नाशापासून मोजतात असेंही त्यानें पुढें जोडून दिलें, आणि त्या एका पुस्तीनें वाचणारांचा गोंधळ उडाला.

मुंबई इलाख्याच्या मुलकी नोकरींतील फ्लीट हे त्या वेळीं गुप्तलेखांचा संग्रह सिद्ध करीत होते. तो १८८८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांस मंदसोरच्या लेखानें मोठा आधार दिला; कारण त्यांत कुमारगुप्ताच्या राज्याचा उल्लेख असून मालव गणनेचें ४९३ वें वर्ष, म्हणजे इसवी सन ४३६-३७, दिलेलें आहे. परंतु अशा पुराव्यानें राजा साधारण कोणत्या काळीं होता एवढें कळतें. शकाचें आरंभवर्ष नेमकें ठरविण्यास गणितच पाहिजे. तें गणित दीक्षितांनीं केलें.

हल्लींच्या मध्य प्रदेशांत सागर जिल्ह्यांत एरण म्हणून गांव आहे. तेथें बुधगुप्ताच्या कारकीर्दींत मातृविष्णु व धन्यविष्णु या दोघां भावांनीं एक स्तंभ उभारला. त्यावर वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी आणि गुरुवार अशी मिति कोरलेली आहे. आमच्या पंढरीच्या वारकऱ्यांच्या भाषेंत सांगावयाचें तर मोठ्या एकादशीच्या दुसऱ्या दिवशीं, पारण्याचा दिवस. आतां तिथि हा दिवस नव्हे. सूर्यापासून चंद्र बारा बारा अंश पुढें जातो, त्या प्रत्येक बारा अंशांची एक तिथि. ती दिवसा संपेल, रात्रीं संपेल, कधीं मुळींच सूर्योदय न पाहतां संपेल. वार मात्र अखंड चालत आलेला आहे. म्हणून एखाद्या वर्षीं अमुक तिथीस कोणता वार होता हें काढावयाचें तर त्या दिवसाचा सूर्य आणि चंद्र कोठें होता हें घटकापळांपर्यंत पाहिलें पाहिजे, आणि तेंही त्या काळच्या लोकांच्या रीतीनें. आजच्या सूक्ष्म गणितानें आलेली तिथि बुधगुप्ताच्या जोश्याच्या तिथीशीं जुळेलच असें नाहीं. अल्बेरूनीचे २४१ मिळविले तर गुप्त १६५ म्हणजे शक ४०६ होतो. येथें आणखी एक पेंच आहे : शक ४०६ हें गत वर्ष कीं चालू वर्ष? जुने लेख दोन्ही रीतींनीं लिहीत, आणि एवढ्या एका शब्दानें सगळें गणित वर्षभर सरकतें. दीक्षितांनीं प्रत्येक बाजूनें करून पाहिलें. शक ४०६ गत धरतां ती द्वादशी इसवी सन ४८४ च्या जून महिन्याच्या २१ तारखेस येते, आणि तो दिवस गुरुवारच होता.

मास्तर येथें थांबले असते तरी कोणी त्यांस दोष दिला नसता. परंतु वार सातच आहेत; चुकीचें वर्ष घेतलें तरी सातांत एखादे वेळीं तें जुळूनही जाईल, हें वर्गांत मुलांस गणित शिकविणाराला सांगावें लागत नाहीं. म्हणून दुसरी मिति, तिसरी मिति, असें करीत ते पुढें गेले. परिव्राजक घराण्यांतील हस्ती आणि संक्षोभ या राजांच्या ताम्रपटांत गुप्तवर्षाबरोबर 'महाचैत्र', 'महाआश्वयुज' अशीं संवत्सरांचीं नांवें येतात. हें गुरूचें बारा वर्षांचें चक्र. पण तें नेमकें मोजीत कसें, हें विसरलें गेलें होतें. सूर्याच्या तेजांत लोपलेला गुरु ज्या नक्षत्रांत पुन्हां उगवलेला दिसतो त्या नक्षत्रावरून वर्षाचें नांव पडतें, ही रीत दीक्षितांनीं जुन्या ग्रंथांतून काढून त्या ताम्रपटांस लावून दाखविली. गुरूचे असे उदय सुमारें ३९९ दिवसांनीं होतात, म्हणून बारा वर्षांत ते अकराच होतात आणि एक नांव गळतें. त्यामुळें चूक असेल तर ती लपत नाहीं. ताम्रपटांचीं वर्षें जुळलीं. १८८८ मध्यें 'इंडियन अँटिक्वरी'ंत हा लेख निघाला, आणि फ्लीटच्या ग्रंथांतही तो परिशिष्ट म्हणून गेला. गुप्तशकाचा वाद त्यानंतर फारसा उरला नाहीं. आज शाळेच्या पुस्तकांत चंद्रगुप्ताच्या नांवापुढें जे आंकडे निःशंकपणें छापलेले असतात, त्यांच्या पायाशीं हा हिशेब आहे. आणि आम्हींही तीस वर्षें ते आंकडे मुलांस सांगितले, परंतु ते कोणी व कसे मिळविले हें एकदांही सांगितलें नाहीं, याची आतां लाज वाटते.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, ही तर दोन आयुष्यें झालीं. पोटासाठीं मास्तरकी आणि मनासाठीं ज्योतिष. आमचीही समजूत बरींच वर्षें अशीच होती, किंबहुना आमच्या तक्रारीस ती सोईची होती. परंतु दीक्षितांच्या पुस्तकांची यादी पाहिली कीं ही समजूत टिकत नाहीं. १८७६ सालीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, त्यांनीं 'विद्यार्थिबुद्धिवर्धिनी' हें पुस्तक काढलें. १८८२ मध्यें 'सृष्टचमत्कार'. पुढें दहाएक वर्षांनीं 'ज्योतिर्विलास', ज्याचें दुसरें नांव त्यांनीं 'रात्रीची दोन घटका मौज' असें ठेविलें. घरच्या मंडळींनीं जेवणें आटोपल्यावर अंगणांत यावें, वर पाहावें, आणि मास्तरांनीं तारे ओळखून द्यावेत, असा त्या नांवाचा थाट आहे. दोन घटका म्हणजे घड्याळाचीं अठ्ठेचाळीस मिनिटें. बोलण्यांत 'दोन घटका बसा' म्हणतों तेव्हां तेवढाही वेळ मोजलेला नसतो. ज्या हातानें एरणच्या द्वादशीच्या घटका मोजल्या, त्याच हातानें ही न मोजलेली दोन घटकांची मौज लिहिली, यांत आम्हांस विरोध दिसत नाहीं. विद्यार्थ्यांसाठीं लिहिलेलें पुस्तक, गृहस्थांसाठीं लिहिलेलें पुस्तक आणि पंडितांसाठीं लिहिलेला ग्रंथ या तिहींत एकच मनुष्य बोलतो, आणि तो मास्तर आहे : आधीं शंका नीट मांडतो, मग ती कोठून उद्भवते तें सांगतो, मग एकेक पायरीनें उत्तर देतो, आणि उत्तर येत नसेल तर येत नाहीं म्हणून मोकळा होतो. मोठ्या ग्रंथांतही वेदांगज्योतिषाचीं अवघड स्थळें ते अशा रीतीनें समजावतात कीं समोर फळा असावा. शाळेनें त्यांचा दिवस घेतला हें खरें. परंतु त्यांची रीत शाळेनेंच दिली.

आमच्या मराठींत 'समाधान' हा मोठा चमत्कारिक शब्द आहे. मनाची तृप्ति हा त्याचा एक अर्थ, आणि शंकेचें उत्तर हा दुसरा. दीक्षितांच्या बाबतींत हे दोन अर्थ वेगळे करतां येत नाहींत, असें आमचें मत झालें आहे. परिस्थितीविषयीं ते संतुष्ट होते कीं नाहीं, हें त्यांच्या ग्रंथांवरून सांगतां येणार नाहीं, आणि तें विचारणेंही अप्रस्तुत आहे. चुकीच्या तिथीविषयीं ते मुळींच संतुष्ट नव्हते, हें मात्र पानोपानीं दिसतें.

आणि येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहींतर आमच्या लिहिण्याचा विपर्यास होईल. 'आपल्या कामांत समाधान माना' हा उपदेश आपल्या समाजांत बहुधा वरच्यानें खालच्यास केलेला आहे. गिरणीच्या मालकानें मजुरास, सावकारानें कुळास, आणि बायकांस तर सर्वांनींच. त्या उपदेशाच्या रांगेंत दीक्षितांस बसविण्याचा आमचा हेतु नाहीं. असल्या मनुष्यास बदल्यांच्या गाड्यावर गांवोगांव फिरविणें हें कोणत्याही सरकारास किंवा समाजास भूषणावह नव्हतें. दक्षिणा प्राइज कमिटीचें बक्षीस त्यांस मिळालें, तें योग्यच झालें. परंतु बक्षीस म्हणजे फुरसत नव्हे. १८९८ च्या एप्रिलमध्यें ते वारले तेव्हां त्यांस पंचेचाळिसावें वर्ष चालू होतें. कोणी म्हणतात, त्यांस चांगली जागा मिळती तर त्यांनीं याच्या दुप्पट काम केलें असतें. केलेंही असतें. आमचें म्हणणें इतकेंच कीं, त्या जागेची वाट पाहत ते बसले नाहींत. आणि ज्यांस ती जागा मिळाली अशा आम्हां पदवीधरांच्या नांवावर काय जमा आहे, हा हिशेब त्यापेक्षां अधिक अवघड आहे.

जें जें त्यांनीं मांडलें तें सर्व लोकांनीं मान्य केलें, असेंही झालें नाहीं. विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह त्यांनीं सायन पंचांगाचा पुरस्कार केला. ऋतूंशीं सणांची फारकत होत चालली आहे, ती थांबवावी, हा त्यांचा आग्रह. घरोघरच्या भिंतीवर तें पंचांग चढलें नाहीं. पुढें मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीनें १९५५ सालीं अहवाल दिला, आणि १९५७ च्या मार्चमध्यें भारत सरकारनें जें राष्ट्रीय पंचांग सुरू केलें, त्याचे महिने सायन सौर वर्षावरच बसविलेले आहेत. तेंही सरकारी कागदांच्या डोक्यावर राहिलें, देवघरांत आलें नाहीं. शतपथब्राह्मणांत कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहींत अशा अर्थाचें एक विधान आहे. त्यावरून तें वचन इसवी सनापूर्वीं सुमारें तीन हजार वर्षांच्या वेळचें असलें पाहिजे, असें दीक्षितांनीं गणितानें काढलें. गणित बरोबर आहे, परंतु त्या वचनाचा अर्थ तसा घ्यावा कीं काय यावर अजून दुमत आहे, आणि आम्हीही त्या बाबतींत निश्चयानें बोलूं इच्छीत नाहीं. एवढें खरें कीं, ज्यांस त्यांचा निर्णय मान्य नाहीं त्यांसही त्यांचें गणित सोडून पुढें जातां येत नाहीं.

१८९६ हें साल त्यांच्या आयुष्यांत सुगीचें ठरलें. पुण्यास मराठी ग्रंथ निघाला, आणि त्याच सालीं लंडनमध्यें 'इंडियन कॅलेंडर' हें पुस्तक प्रसिद्ध झालें. त्यावर दोन नांवें आहेत : मद्रास इलाख्याच्या मुलकी नोकरींतले रॉबर्ट स्यूएल, आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित. इसवी सन ३०० पासून १९०० पर्यंतची कोणतीही हिंदु किंवा मुसलमानी मिति घ्यावी आणि तिची इंग्रजी तारीख व वार काढावा, अशीं तीं कोष्टकें आहेत. ग्रहणांचीं कोष्टकें व्हिएन्नाच्या श्राम यांनीं जोडलीं. प्रस्तावनेंत पुस्तकाचा उपयोग सांगितला आहे तो मोठा मौजेचा आहे. शिलालेख वाचणारे विद्वान तर आहेतच. परंतु न्यायकचेऱ्यांत वतनाच्या हक्कासाठीं जुन्या सनदा पुढें येतात, त्यांत बनावट फार, आणि खोटी सनद करणारा मनुष्य तिथि लिहितो पण तिचा वार जुळवावयाचें त्यास भान नसतें. तेथें हीं कोष्टकें उपयोगीं पडावीं. सातशें वर्षांपूर्वींचा लबाड कारकून एका शाळामास्तरानें पकडावा, ही कल्पना आम्हांस फार आवडते.

मराठी ग्रंथाचें हिंदी भाषांतर १९५७ मध्यें निघालें. इंग्रजीत तो १९६९ व १९८१ अशा दोन भागांत आला, तेव्हां मूळ ग्रंथास अनुक्रमें त्र्याहत्तर आणि पंचाऐंशी वर्षें झालीं होतीं.

आमच्या विद्यार्थ्यास आम्हीं नंतर पत्र लिहिलें. उपदेश केला नाहीं. एरणच्या स्तंभाची हकीकत लिहिली आणि विचारलें कीं, तुझ्या कचेरींत जें काम तूं करतोस, त्यांत कोणता आंकडा आजवर कोणी तपासून पाहिलेला नाहीं? त्याचें उत्तर आलें आहे. लांबलचक आहे, आणि त्यांतील पहिलीं दोन पानें वरिष्ठांच्या गाऱ्हाण्यांचीं असलीं तरी तिसऱ्या पानावर तो त्या आंकड्याकडे वळला आहे.

दफ्तराची गांठही आम्हीं सोडली. बारा वर्षांत रुमालास कसर लागली होती, कागद मात्र बरे आहेत. शाळा सुटल्यावर, म्हणजे आमच्या बाबतींत व्याख्यानें आटोपून घरीं आल्यावर, रोज दोन घटका त्यांस द्यावयाच्या असें ठरविलें. एखादे दिवशीं एकच घटका होते. पहिलेंच पत्र एका कारकुनाचें आहे. जोंधळ्याचा भाव, एका बैलाचें दुखणें, आणि सरकारी स्वारी येणार म्हणून झालेली धांदल एवढाच मजकूर. खालीं मिति आहे : छ १४ जमादिलाखर, मंदवार. मोडी पत्रांच्या रिवाजाप्रमाणें वर्ष लिहिलेलें नाहीं. लिहिणाराला तें ठाऊक होतें, आणि ज्याला पत्र गेलें त्यालाही. आम्हांस तें काढावयाचें आहे. चवदाव्या चंद्रास शनिवार येईल अशीं वर्षें त्या शंभर वर्षांच्या मुदतींत बरींच निघतात. त्यांपैकीं चार कालपर्यंत आम्हीं बाद केलीं.